वाफ नसलेला नैवेद्य

६ ऑक्टोबर

आले एकदाची हिमी गावाला! टॅक्सीवाल्यानं खोकी उतरवता उतरवता विचारलं की ताई, दुकानबिकान टाकताय काय. म्हटलं, हो, सलाइनचं. बिचारा ओशाळला.

घर झकास आहे. मागच्या खिडकीतून समुद्र दिसतो, पुढे पर्सिमनचं झाड फळांनी वाकलंय. माझ्या आतेसासूबाई किकुनो, त्यांचं हे घर. त्या गेल्यापासून बंदच होतं. त्यांचा मुलगा नागोयाला असतो. भाडं नको म्हणाला, एकच अट घातली: पितरांच्या देव्हाऱ्यासमोर रोज सकाळी पहिला भात ठेवायचा. म्हटलं, ठेवीन की! ओसाकाच्या शाळेत जन्मभर पाचशे पोरांचं जेवण रांधलं, एका म्हातारीचं काय ओझं?

गंमत एवढीच, की मी स्वतः जेवत नाही. वसंतात आतड्याचा मोठा तुकडा काढला. आता छातीतल्या सुईतून पोषणाचं सलाइन जातं, त्यावर ही ओरिएबाई जगते. डॉक्टर म्हणालेत, वर्षअखेरपर्यंत अंगात मांस भरलं तर दुसरं ऑपरेशन करून आतडं जोडू, मग खाता येईल. मला बाकी काही नको. एक वाटी गरम भात हवाय.

७ ऑक्टोबर

औषधाच्या दुकानातून कुनिएदाबाई आल्या. गोल चेहऱ्याच्या, तोंडाला कुलूप नसलेल्या. पिशव्या त्या स्वतः दुकानाच्या निर्जंतुक खोलीत भरतात आणि दर आठवड्याला बर्फाच्या पेटीतून आणून देतात. पंप पाठीवरच्या पिशवीत घालून घरभर कसं हिंडायचं ते दाखवलं. दिसायला मी डोंगर चढायला निघालेली! पिशवी फ्रिजमधून काढल्यावर लगेच लावायची नाही, खोलीइतकी उबदार होऊ द्यायची, आणि जागा स्वच्छ, उन्हाबाहेरची हवी, हे त्यांनी तीनदा बजावलं. मी म्हटलं, मला पोरांच्या दुधाची सवय आहे, कळलं. त्यावर म्हणाल्या की दूध नासलं तर पोट बिघडतं, हे नासलं तर माणूस जातं. बाई फटकळ आहे. आवडली मला.

१५ ऑक्टोबर

भाताचं काही जमेना. वाटीभर शिजवायचा, देव्हाऱ्यासमोर ठेवायचा, नंतर आपण खायचा असा रिवाज. पण खाणार कोण? शेवटी फेकावा लागतो, आणि त्या वासानं मला रडू येतं. अगदी ढसाढसा, लहान पोरीसारखं.

आज सुचलं. घरातलं पहिलं अन्न पितरांना, एवढंच ना? या घरातलं अन्न म्हणजे ही पिशवी. नाहीतरी ती उबेला यायला कुठेतरी ठेवायचीच असते, आणि देव्हाऱ्याच्या फळीइतकी स्वच्छ, सावलीची जागा घरात दुसरी नाही. ठेवली, हात जोडले, म्हटलं, आतेबाई, आधी तुम्ही, मग मी. मग उतरवून लावली. एका दगडात दोन पक्षी. स्वतःवरच खूश झाले.

२ नोव्हेंबर

वजन उतरलंय. कुनिएदाबाईंनी पंप तपासला, नळी तपासली, रिकाम्या पिशव्या उलट्यापालट्या केल्या. सगळं ठीक. मी चोरून फेकून देते की काय असं त्यांनी हसत विचारलं, पण डोळे हसत नव्हते. डॉक्टरांशी बोलून पोषण वाढवतायत.

देव्हाऱ्यासमोरची बसायची गादी मध्येच दबलीय. मी उभ्यानंच हात जोडते, गुडघे दुखतात म्हणून. झटकून ठेवली.

१२ नोव्हेंबर

शेजारच्या मुरोझुमीआजी पर्सिमन सोलायला अंगणात बसल्या होत्या. मला पाहून सुरी थांबली. म्हणाल्या की अगंबाई, काल तर चांगली भरलेली दिसलीस! देव्हाऱ्यासमोर पाठमोरी बसली होतीस, मानेवर वळ्या पडलेल्या. मी घरी जाऊन सुनेला सांगितलं, ओसाकावालीनं बाळसं धरलं.

काल दिवसभर मी हॉस्पिटलात होते.

आजींना ते सांगितलं नाही. पिशवीचं मात्र सांगितलं. त्यांनी सुरी खाली ठेवली. मग म्हणाल्या, पोरी, भाताची वाफ पितरांची आणि भात आपला, असा वाटा असतो. तुझ्या पिशवीला वाफ कुठाय? मग किकुनोनं काय घेतलं असेल?

आतेबाईंचंही आजींनीच सांगितलं. शेवटी घशाखाली घोट उतरत नव्हता. याच घरात सलाइन लावलेलं. बाटल्यांमागून बाटल्या संपायच्या आणि ही म्हणायची, भूक लागली, भूक लागली. तसंच म्हणत गेली.

१३ नोव्हेंबर

पिशवी आता स्वयंपाकघरात, ओट्यावर. देव्हाऱ्यासमोर भात ठेवला, चांगला तांदूळ आणून, मनापासून. माफी मागितली.

वाफ सरळ छताकडे गेली. भाताला कुणी शिवलं नाही.

२० नोव्हेंबर

वजन अजून उतरतंय. अंगठी बोटात राहीना, काढून ठेवली. पंप चालू असताना पाठीवर ओझं जाणवतं, पिशवीहून जड. कुणीतरी रेलल्यासारखं. आणि गिळल्याचा आवाज येतो. पंपाचाच असेल, असं म्हणून पाहिलं. पंप बंद केला, तरी आला.

कुनिएदाबाईंना फोन करून म्हटलं, पिशव्या आणू नका. त्या रागावल्या. म्हणाल्या, मग आठवडाभरात मराल, कळतंय का तुम्हाला? कळतंय. लावलं तर आतेबाईला जातं, नाही लावलं तर मी जाते. पोषण आणखी वाढवलंय त्यांनी. किती जीव लावते ती बाई! आणि तेच सगळं —

१ डिसेंबर

आज नळीत रक्त वर चढलं. माझ्याकडून पिशवीकडे. पंप म्हणतो सर्व ठीक.

पिशवी भरत चालली होती.

९ डिसेंबर

आतल्या खोलीत पडून आहे. उठवत नाही. बर्फ पडतोय.

कुनिएदाबाई आल्या. सरकत्या दारापलीकडे, देव्हाऱ्याच्या खोलीत. कुणाशी तरी बोलत होत्या. हसत होत्या. म्हणाल्या, कमाल केलीत ओरिएबाई, गाल आलेत की! या, काट्यावर या. मग टाळी वाजवल्याचा आवाज. डॉक्टरांना आजच कळवते म्हणाल्या.

मी हाक मारली. मारली असं मला वाटतं. दार चार हातांवर आहे.

दुसऱ्या कुणीतरी त्यांना माझ्या आवाजात विचारलं, मग आता मला भात कधी खाता येईल?

११ डिसेंबर

फोन वाजला. तिनं घेतला. ऑपरेशन ठरलं. डॉक्टर खूश आहेत.

माझं ऑपरेशन. माझा भात.

मुरोझुमीआजींना कळेल. त्यांना कळायला हवं. आज त्या आल्या, दारातूनच वाकून तिला नमस्कार केला आणि म्हणाल्या, बरी हो पोरी. सुकवलेलं पर्सिमन देऊन गेल्या.

तिनं खाल्लं. चावल्याचा आवाज —

१६ डिसेंबर

सकाळ. दारात गाडी आली. कुनिएदाबाई सोबत जायला आल्यायत, हाक मारतायत. माझ्या नावानं.

ती माझ्या खोलीत आली. पहिल्यांदा समोरून पाहिली. भरलेली, गुलाबी. माझाच कोट, बटणं ताणलेली. वाईट नाही दिसत तिचा चेहरा. भुकेला आहे फक्त.

पंपाची पिशवी उचलून तिनं पाठीला लावली. नळीचं हे टोक अजून माझ्या छातीत. काढता येईना, बोटं वळत नाहीत —

चालायला लागली. दारापर्यंत नळी पुरते. पुढे ओसरी, मग पायऱ्या, गाडी —

बाहेरून विचारतायत, काही राहिलं का मागे. ती म्हणाली, काही नाही.

नळी ताणतेय. आतून. सुईसकट आत काहीतरी सुटतंय, ती थांबत ना