डबीत नसलेली वीस मिनिटं

फुलचूर,
१६ जुलै

प्रिय चेतना,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगतो, आई ठीक आहे. आत्ता समोर पलंगावर बसून एकाच साडीची घडी घालते आहे, मोडते आहे, परत घालते आहे. रोज फोनवर बोलतो तर मग पत्र कशाला, असं तुझ्या मनात येईल. फोनवर तू घाईत असतेस आणि मी खोटा असतो, म्हणून पत्र. एवढं लिहायला मला चार दिवस लागलेत, तेव्हा तूही जरा सावकाश वाच.

एप्रिलमध्ये मी कॅमेरा काढला तेव्हा आपलं किती वाजलं ते तुला आठवत असेलच. कॅमेरा नसेल तर आईला नागपूरच्या त्या स्मृतिभ्रंशाच्या केंद्रात ठेवू, असं तू म्हणालीस आणि दुसऱ्याच दिवशी फॉर्म पाठवलास. मी तीन महिने मागून घेतले. घर असं करून दाखवतो की तुझी आई इथेच सुरक्षित राहील आणि तिचं काहीएक घराबाहेर जाणार नाही, असं मोठ्या तोऱ्यात बोललो होतो. ते तीन महिने काल संपले.

दिवाळीत तू तो कॅमेरा लावून गेलीस, त्यात तुझी मायाच होती, हे मला तेव्हाही कळत होतं. ऑफिसातून तू बोलायचीस, 'बाबूजी, आईला पाणी द्या', आणि आवाज भिंतीतून यायचा. मला गंमत वाटायची. तुझ्या आईला मात्र वाटायचं की पोरगी भिंतीत अडकली आहे. आठ दिवस ती दोन्ही वेळेला भिंतीपुढे ताट ठेवत होती, वरणभात कालवून. मी ते तुला सांगितलं नाही. तू रडली असतीस आणि तरीही कॅमेरा काढला नसतास. शिवाय तू बघत असायचीस म्हणून मीही शहाण्यासारखा वागायचो. तिने दहाव्यांदा तोच प्रश्न विचारला तरी गोड आवाजात उत्तर द्यायचो. एकदा तू म्हणालीस, बाबूजी, तुम्ही किती शांत असता हो.

मार्चमध्ये ती पहाटे घराबाहेर गेली, ते तुला माहीत आहेच. पण ते कसं झालं हे तू नीट ऐकून घेतलं नव्हतंस. दार उघडलं की तुझ्या फोनवर आणि माझ्या फोनवर सूचना येणार होती ना? त्या दिवशी नालीच्या खोदकामात कोणीतरी केबल तोडली. इंटरनेट बंद, तर सूचनाही बंद. दार उघडल्याची बातमी आधी कुठल्या तरी परदेशातल्या मशीनकडे जाणार आणि मग दहा पावलांवर झोपलेल्या माझ्याकडे येणार, ही कोणाची अक्कल? मोहाचे दिवस होते. सालेकशाच्या पोरीला, म्हणजे तुझ्या आईला, बाकी सगळं विसरायला झालं, पण मोहफुलं पहाटे वेचायची असतात हे विसरायला झालं नाही. टोपली घेऊन ती थेट रेल्वे फाटकापर्यंत गेली. ऑटोवाल्या मनिरामने गाडीत घालून आणलं तिला. म्हणाला, "काकाजी, काकीजी रुळाच्या कडंनं फुलं वेचून राहिल्या होत्या." टोपलीत गिट्टी होती.

आणि एप्रिलमध्ये रुची फोनवर मला हसत हसत म्हणाली, 'नानाजी, काल नानी कपडे घालायला विसरली होती ना? मम्मीच्या फोनवर दिसली.' नऊ वर्षांची पोर, तिचा काय दोष! तुझा फोन टेबलावर उघडा पडला असेल. पण तुझी आई, शांतीबाई, कधी माझ्यासमोरही दिवा चालू असताना साडी बदलत नसे, चेतना. मी त्याच दुपारी स्टुलावर चढून कॅमेरा काढला.

मी तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली, हे तू विसरतेस. ट्रंक कॉल जोडून द्यायचा आणि लाइन लागली की नाही हे ऐकायचं, एवढंच काम. पण कान कुठे बंद करता येतो? एक बाई दर गुरुवारी रायपूरला नवऱ्याला फोन लावायची आणि तीन मिनिटं नुसती रडायची. मी तिला बाजारात ओळखायचो. ती मला ओळखत नव्हती. तिचं नाव मी तुझ्या आईलाही कधी सांगितलं नाही. पण मी ऐकत होतो, हे खरंच ना? म्हणून कुठलंही यंत्र हातात घेतलं की मी पहिल्यांदा हे बघतो की याची तार कुठवर जाते.

गोंदियाच्या बाजारात टिंकूच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मी किती चकरा मारल्या, ते मनिरामला विचार. पहिला आपोआप लागणारा दिवा आणला, तर तो लागायच्या आधी माझं नाव, मोबाइल आणि जन्मतारीख मागायला लागला. दिव्याला माझी जन्मतारीख कायले पाहिजे? परत नेऊन दिला. मग मी एक परीक्षाच ठरवली. टिंकूला म्हणायचो, आधी तुझ्या इंटरनेटच्या डब्याचा प्लग काढ आणि मग हे चालवून दाखव. तो कपाळाला हात लावायचा. "अंकलजी, नेट नाही तर मग स्मार्ट कायचा?" सात वस्तू त्या परीक्षेत नापास झाल्या. आठव्या वेळेला त्यालाच चेव आला आणि त्याने नागपूरहून एक डबी मागवली. साबणदाणीएवढी आहे. ती कपाटावर असते, इन्व्हर्टरवर चालते, घरातल्या घरातच सगळ्यांशी बोलते, बाहेर कोणाशी नाही. खातं नाही, पासवर्डसाठी कोणाला विचारणं नाही. आता दार उघडलं की स्वयंपाकघरात आणि माझ्या उशाशी घंटा वाजते. आई पलंगावरून उतरली की न्हाणीघरापर्यंतचे दिवे आपोआप लागतात. गॅस वीस मिनिटांत आपला आपण बंद होतो. पहिल्या आठवड्यात आईने घंटेसाठी दाराला लावलेलं चुंबक बटण समजून उपटलं आणि सुपारीच्या डब्यात घालून ठेवलं. सकाळभर घंटा ठणाणा वाजत राहिली आणि आम्ही दोघं घरभर चोर शोधत राहिलो. पुष्कळ दिवसांनी हसलो त्या दिवशी.

इंटरनेट तर मी मे महिन्यातच काढून टाकलं. काही अडलं नाही. आई तीनदा दारापर्यंत गेली, तिन्ही वेळा मी तिच्या आधी पोचलो. डबीत रोजची नोंद राहते, कुठलं दार कधी उघडलं, कुठला दिवा कधी लागला, आणि ती या घरातच बघता येते. म्हणजे मी बोललो ते करून दाखवलं. पत्र इथेच संपवलं असतं तर तू हरली असतीस आणि मी जिंकलो असतो. तसं एक पत्र लिहूनही झालं होतं. ते मी फाडलं.

जुलै लागला आणि दुर्गेश्वरी यायची बंद झाली. "काकाजी, रोवनी लागली जी, पंधरा दिवस नाही जमन," म्हणाली. तिला तरी कसं अडवणार? धानाची रोवणी काय थांबते कोणासाठी? आईची आंघोळ, कपडे, धुणं, जेवण, सगळं तीच करायची. ते माझ्यावर आलं. मला बहात्तरावं चालू आहे. पाठ दुखते हे तुला सांगत नाही, कारण तू लगेच फॉर्मचं काढतेस. रात्रीतून चार वेळा घंटा वाजली की चार वेळा उठायचं. घंटा मला उठवते, चेतना. मी उठल्यावर माझ्याऐवजी काही करत नाही. मी थकलो आहे. हे मी कोणालाच म्हटलेलं नाही, तुला पहिल्यांदा सांगतो आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. मागच्या बुधवारी आईची त्या दिवसातली दुसरी आंघोळ होती. मलाच तिला उचलून न्यावं लागलं होतं. ती ओरडत होती, या परक्या माणसाला बाहेर काढा म्हणून. तिने पाण्याचा मग माझ्या तोंडावर फेकला आणि मी तिला मारलं. गालावर. एकदा नाही, दोनदा. ती हळूच म्हणाली, "माले कायले मारून राहिले जी?" लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली. मी कधी हात उचलला नव्हता. डबीत त्या दिवसाची नोंद आहे. न्हाणीघराचा दिवा अकरा वीसला लागला, अकरा चाळीसला विझला. मधल्या वीस मिनिटांचं डबीला काही माहीत नाही. संध्याकाळी आईने आपल्या बिस्किटातला अर्धा तुकडा मला दिला, म्हणजे तीही विसरली होती. जगात फक्त मला माहीत होतं आणि मला ते सहज गिळून टाकता आलं असतं. कॅमेरा असता तर मी हात उचलला नसता, हेही मला माहीत आहे. तरीही तो परत लावू नकोस; तिला उघडं बघण्याचा हक्क कोणालाच नको, आणि माझ्यासारखा माणूस कॅमेऱ्यापुरता चांगला असून काय उपयोग? इथे दुसरं माणूस पाहिजे. तू ये, रजा काढून ये. नागपूरचा फॉर्म भरायचा की घरी कोणाला ठेवायचं, ते तू ठरव. फक्त माझ्या शब्दावर विसंबून ठरवू नकोस. या घरातलं काही बाहेर जाऊ नये म्हणून मी तीन महिने झटलो, आणि आता एवढं एक मीच बाहेर पाठवतो आहे. मनिराम येऊन उभा आहे, पाकीट त्याच्या हातात देतो, नाहीतर हेही फाडीन. तू येशील तेव्हा बेल वाजवू नकोस, आई बिचकते. दिवसा दाराला कडी नसते. नुसतं ढकल, आत घंटा वाजेल आणि मला कळेल.

तुझाच,
बाबूजी