नसलेल्या बहिणीचं ताट

प्रिय आई,

दचकलीस ना? दचक. जन्मभर मी तुला मावशी म्हटलं, कारण तूच तसं शिकवलंस. आता अडवायला तू नाहीस.

हे आजच का लिहिते आहे, ते आधी सांगते. काल अविधवा नवमी होती. परवा राहात्याहून मामाचा फोन आला. माझी कादंबरी छापायला जाते आहे, हे त्याला माहीत नव्हतं. तो वेगळ्याच कामासाठी बोलत होता. तुला तो अजून बाईच म्हणतो. "बाई हुती तवर तिनं केलं. आता सुमनचं ताट तुलाच घालायचं हाय. हिकडंच ये, मामी सैपाक करील."

सुमन म्हणजे तुझी धाकटी बहीण. माझी जन्मदाती. कधी जन्मालाच न आलेली बाई.

तू गेल्यावर तुझ्या वस्तू मला मिळतील असं वाटलं होतं. मिळालं ते हे.

तू मला नगरच्या अनाथ मुलांच्या एका संस्थेतून आणलंस तेव्हा मी बालवाडीत जायच्या वयाची होते. दत्तक नव्हे, फक्त सांभाळायला. माझं रक्ताचं कुणी पुढे आलं असतं तर मला परत जावं लागलं असतं. बेलापुरात तुझी पिठाची गिरणी होती. सगळा गाव दळण घेऊन यायचा, आणि दळण होईपर्यंत बायकांना बोलायला काहीतरी लागायचं. पहिल्याच दिवशी दळणाला आलेल्या काशीबाईंनी माझ्याकडे बोट करून विचारलं. तू डब्यातले गहू ओतत होतीस. वर न बघता म्हणालीस, "बहिनीची माझ्या. वारली ती."

तुला बहीण नव्हती. एक भाऊ होता. पण सासरच्या गावाला माहेरची माणसं कोण मोजतं?

मग तपशील वाढत गेले. नाव सुमन. तापाने गेली. नवरा आहे, सुरतेला असतो, पोरीकडे बघत नाही. हा नवरा तू जिवंत का ठेवलास, ते मला फार पुढे कळलं, एका कादंबरीत अडून बसले होते तेव्हा. संस्थेने मला परत नेलं असतं तर गावाला सांगायला काही हवं होतं. बाप आला आणि घेऊन गेला, असं तू सांगणार होतीस. म्हणजे मला घरात घेतलंस त्याच दिवशी माझ्या जाण्याचं कारणही तयार ठेवलंस. रडायचं कुणासमोर नाही, हेही तेव्हाच ठरवलं होतंस का?

पण नवरा जिवंत ठेवला, म्हणजे सुमन सवाष्ण मेली. सवाष्ण गेलेल्या बाईचं नवमीला करायचं असतं. पहिल्याच पितृपक्षात काशीबाई विचारायला आल्या, की सवाष्ण म्हणून कुणाला सांगितलंय? तू त्यांनाच सांगितलंस. अळूची भाजी, कढी, वडे, खीर. काशीबाई जेवल्या, ओटी घेऊन गेल्या आणि त्यानंतर सुटका राहिली नाही. दर वर्षी तू एका नसलेल्या बाईचा स्वयंपाक केलास. तिचा फोटो नव्हता, म्हणून पाटावर सुपारी. मला म्हणायचीस, "आईला फूल वाहा." मी सुपारीला फूल वाहायचे आणि वास यायचा तुझ्या हातच्या कढीचा.

संस्थेच्या बाई मला बघायला यायच्या. त्या कोण, हेही गावाला सांगायला हवंच. तू म्हणालीस, विम्याच्या बाई. मग गिरणीत त्यांना बायका गाठायच्या. एकीने तर म्हशीचा विमा उतरवता का, म्हणून अर्धा तास धरून ठेवलं. त्या बाईही पक्क्या. म्हणाल्या, वरती विचारून सांगते.

आणि पेढे? ते मी कसे विसरेन? कोर्टात माझं दत्तकाचं काम झालं, मी तुमची झाले. आपण तिघं एसटीने परत आलो. काका, तुझे यजमान, खिडकीकडे तोंड करून बसले होते. तू नगरच्या स्टँडवर पेढे घेतलेस आणि बेलापुरात उतरल्यावर वाटलेस. कशाचे म्हणून? गिरणीला नवी मोटर बसवली म्हणून. काशीबाई पेढा खात म्हणाल्या, "मोटर नवी म्हनती, आवाज तर जुनाच येतोय."

तेव्हा मी हसले. तूही हसलीस. आज विचारते. त्या दिवशी तरी का नाही सांगितलंस? मला न्यायला आता कुणी येणार नव्हतं. सुरतेच्या नवऱ्याची गरज संपली होती. सुमनला तेव्हा सोडून देता आलं असतं. पण तोवर तिला बरीच वर्षं झाली होती, आणि तू शब्द फिरवणारी बाई नव्हतीस. स्वतःच्या खोट्याशीही तू इमानानेच वागलीस.

त्या इमानाची किंमत म्हणजे एक शब्द. तो सुमनला मिळाला. तुला मिळाला नाही.

आता माझ्या धंद्याचं. मी प्रेमकथा लिहिते. एम.ए.ला माझ्या बरोबर असलेले लोक समीक्षा लिहितात आणि मी भेटले की विचारतात, अजून तेच चाललंय का? तेच चाललंय. माझ्या कादंबऱ्या लग्नाने संपतात. बायका त्या एसटीत वाचतात, दवाखान्याच्या बाकावर वाचतात. मला त्याची लाज नाही, कधी नव्हती. कुणीतरी कुणाला तरी घरात घेतं आणि परत पाठवत नाही, याहून मोठा विषय मला अजून सापडलेला नाही.

माझ्या नायिकांना आईबाप नसतात. कुणी मामाकडे वाढलेली, कुणी वसतिगृहात, कुणी ओळखीच्यांकडे. संस्था हा शब्द मी कधी छापला नाही. तू प्रत्येक पुस्तक चष्मा लावून, तांदूळ निवडावेत तशी वाचायचीस आणि शेवटी विचारायचीस, "ह्यात आपलं काय न्हाई ना?" मी म्हणायचे, नाही. तू पुस्तक मिटवायचीस.

आई, सगळं आपलंच होतं. तू स्वतःला ओळखलं नाहीस, कारण मी तुला मिशा लावल्या होत्या.

आठवतं? पहिले काही दिवस मी ती कापडी पिशवी सोडत नव्हते. जेवतानाही मांडीवर. काका म्हणाले, काढून ठेव तिची. तू काढली नाहीस. एक दिवस म्हणालीस, "पिशवी मळली गं. धुवायला टाकू का? वाळली की देते." तोवर माझे कपडे फडताळात ठेवलेस. आणि वाळल्यावर पिशवी खरंच माझ्या हातात आणून दिलीस. मी ती रिकामीच खुंटीला अडकवली.

हा प्रसंग मी एका इंजिनिअरला दिला, एका शिक्षकाला दिला, कारखान्यातल्या एका केमिस्टला दिला. वाचक बायका विचारतात, असा पुरुष तुम्हाला कुठे भेटला? माझा नवरा शेजारी असला की तो उगाच खाली बघतो. मी सांगत नाही. तुझे सगळे गुण मी पुरुषांना वाटून टाकले आणि बायकांनी त्यांच्यावर प्रेम केलं. तुझ्यावर कुणी केलं?

म्हणून या कादंबरीत मिशा काढल्या. प्रेमकथा आहेच, लग्नही आहे. पण पिशवी धुणारी बाई आहे. तिची गिरणी आहे. संस्थेतून मूल आणणं म्हणजे काय, तिने गावाला काय सांगितलं, कोर्टातून येताना एसटीत कोण कुणाकडे बघत नव्हतं, सगळं आहे. पहिल्या पानावर तुझं नाव आहे, आणि नावाआधी आई.

काल राहात्याला गेले ते हे मामाला सांगायला. ताट घालायला नव्हे.

मामीने सगळं मांडून ठेवलं होतं. पाटावर सुपारी, समोर ताट. सवाष्ण म्हणून शेजारची नवी सून आली होती, बिचारी नवी साडी सावरत बसली होती. मामाने माझ्या हातात फूल दिलं. मी ते खाली ठेवलं आणि सांगून टाकलं. कादंबरी, पहिलं पान, सगळं. सुनेला ऐकू जाईल म्हणून आवाज कमी केला नाही.

तो रागावेल हे मला माहीत होतं. रागावला नाही. पेरूच्या बागेकडे बघत म्हणाला, "काढून टाक त्ये."

मी का म्हणून विचारलं.

"बाई खोटं बोलली जन्मभर, असं म्हनतील लोक. मेलेली बहीन हाय माझी. तिला नावं ठिवतील."

मी धरून चालले होते, की त्याला स्वतःची लाज वाटते. माझ्या लग्नात मामा म्हणून तोच माझ्यामागे उभा राहिला, त्यानेच मला बोहल्यावर नेलं. कुणाच्या पोरीला नेलं, असं लोक म्हणतील, याची त्याला भीती असेल असं मला वाटलं होतं. त्याला तुझी काळजी होती.

तू खरं सांगितलं असतंस तर तो माझ्या मागे उभा राहिला असता का? हा प्रश्न मी वर्षानुवर्षं टाळला. काल त्याच्या तोंडावर विचारला. त्याने मी खाली ठेवलेलं फूल उचललं. मग म्हणाला, "तवा न्हाई ऱ्हायलो असतो." आणि थोड्या वेळाने, "पन ऱ्हायलो ना? मग कशाला उकरती? छापायचं आसंल तर छाप. मग ह्या घरात येऊ नको."

आई, माझं दुसरं माहेर नाही. तुझी गिरणी विकली गेली. काका गेले, तू गेलीस. दिवाळीला जायला हे एकच दार आहे. मामाला ते माहीत आहे, म्हणून तर त्याने तेच लावून घेतलं.

मी काय केलं सांगू? पाटावरची सुपारी उचलून कोनाड्यात ठेवली. सुमनचं ताट पुढे ओढलं आणि जेवायला बसले. इतकी वर्षं त्या ताटातलं सगळं तूच शिजवलंस, तूच वाढलंस, आणि घास गेला तो कावळ्याला. तुझ्या नावाचा नवमीला घासही निघत नाही, कारण तू विधवा गेलीस. हे मला मान्य नाही. मी वडा मोडला.

सून घाबरली. तिने मामीला हळूच विचारलं, "मी पन बसू का जेवायला?"

मामा म्हणाला, "जेव तू. तुझा काय संबंध?"

मग मामी उठली. मला वाटलं, ताट काढून घेते. ती कढीचं पातेलं घेऊन आली आणि माझ्या वाटीत वाढू लागली. वाढतानाच म्हणाली, "माझ्या लग्नात मानपानाच्या साड्या मीच मोजल्या हुत्या. ननंदेची एकच हुती."

मामाने वळून तिच्याकडे पाहिलं. त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं. तिने कधी विचारलं नव्हतं. तू यायचीस, दोघी मिळून पुरणपोळ्या लाटायच्या, सुमनच्या आठवणीसुद्धा काढायच्या. आणि तिला माझ्या पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"म्हाईत हुतं तर बोलली का न्हाई?" मामा म्हणाला.

"बाईंना पोरगी मिळत हुती. मधी कशाला बोलू?"

तो चपला घालून बागेत निघून गेला. मी जेवले. सून जेवली, ओटी घेऊन गेली. संध्याकाळच्या गाडीने मी नगरला घरी आले. मामाचा फोन आलेला नाही. मी केलेला नाही.

आज सकाळी प्रकाशकाला कळवलं की पहिलं पान आहे तसंच राहील. एक शब्दही बदलायचा नाही. लोक तुला खोटं बोलणारी म्हणतील? म्हणू देत. तू काय केलंस ते वाचून मग म्हणू देत. आणि तुला हे आवडलं नसतं, तेही मला माहीत आहे. चष्मा काढून म्हणाली असतीस, कशाला गं? तुझं मी आजवर पुष्कळ ऐकलं. हे ऐकणार नाही.

पण एक वचन देते. उन्हाळ्यात तुझं वर्षश्राद्ध येईल. ते मी करीन, तुझ्या नावाने, मुलगी म्हणून. आणि त्याआधी, दिवाळीत, पुस्तक घेऊन राहात्याला जाईन. मामाने दार उघडलं नाही तर ओट्यावर बसेन. आतून मामी चहा देईलच. तिथेच बसून राहीन, तो बागेतून येईपर्यंत. त्याला बहीण एकच होती आणि तिला मुलगी एकच आहे. भांडायला काय, बोलायला काय, त्याच्या दारात मीच येणार. हे कळायला त्याला वेळ लागेल. लागू दे. मी उठणार नाही.

तुझी मुलगी,
वैजयंती