जेमायमा अल्डरसनची शेवटची साक्ष

हार्कर्सगिल,
मंगळवार, ११ जानेवारी १८५३

प्रिय केझायामावशीस,
टॅबीचा प्रभूमध्ये सलाम व वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. आईच्या पोटात पुन्हा पाणी भरलंय. रिचमंडचा डॉक्टर शनिवारी बर्फातून घोडा हाकत आला. दोनदा काढलं, आता तिसऱ्यांदा काढण्यात अर्थ नाही, म्हणाला. किती दिवस, असं मी विचारलं, तर मेंढ्या वितील तोवर काही टिकायची नाही, एवढंच बोलून त्यानं हातमोजे चढवले.

आपल्याकडची रीत तुला सांगायला नको. बातमी फुटली तशी चॅपेलची माणसं येऊन बसू लागली. प्रार्थना चालवायला बंधू कोट्स सकाळीच येतात, मागून तिघीचौघी बायका विणकाम घेऊन. सुया टकटकत असतात आणि नजरा आईच्या ओठांवर. शेवटची साक्ष हुकायला नको ना! आनंदानं मेला तो तरला, आणि त्याचे शब्द रविवारी सगळ्यांपुढे वाचायचे. बाबा शिशाच्या खाणीत वारले त्याला एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून चॅपेलातला बायकांचा प्रार्थनेचा वर्ग आईनंच चालवला, आणि दरीतल्या चाळीसेक मरणांपाशी शेवटचे शब्द टिपायला वही घेऊन तीच बसली. आता तिचीच पाळी, म्हणून सगळ्यांच्या अपेक्षा आभाळाला टेकल्यात. शेजारची बेट्सी रॉ म्हणते की टॅबी, तुझी आई जाईल ना, तेव्हा खिडक्या आपोआप उघडतात की नाही बघ, मी तर पुढची जागा सोडायची नाही.

मावशी, काल सगळे जेवायला गेले तेव्हा आईनं मला दाराला बाक लावायला सांगितलं. मग म्हणाली की टॅबी, मला भीती वाटते. दुखण्याची का, असं विचारलं, तर नाही म्हणाली, मरणाची. प्रार्थना करते, पण पलीकडे कोणी ऐकतंय असं वाटत नाही, म्हणाली. तिचे दात वाजत होते. शेगडी भरलेली होती, तरी वाजत होते. बाहेर बंधू कोट्स दार ठोठावू लागले आणि मी बराच वेळ उघडलं नाही.

हे मी कोणाला सांगू? लोक म्हणतील, एवढ्या वर्षांची भक्ती पोकळ निघाली. तू एके काळी गावोगाव उपदेश केलास. काय करू ते तूच लिही. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
टॅबी

हल,
शनिवार, १५ जानेवारी

चि. टॅबीस,
केझायामावशीचे अ. आ.

तुझं पत्र वाचून मी संतापले, आणि ते लपवणार नाही. जेमायमा घाबरली? नवऱ्याचं प्रेत खाणीच्या तोंडाशी आणून ठेवलं तेव्हा चिखलात गुडघे टेकून जी स्तोत्र गायली, ती? अगं, हा अफूच्या औषधाचा अंमल आहे. सैतान नेहमी शेवटच्या दाराशीच उभा असतो. आणि तू दाराला बाक कसले लावतेस? उघड ते दार! माणसं येऊ देत. स्तोत्रं म्हणा, आढ्याला भिडतील अशी म्हणा.

उघड्या घोडागाडीवर उभी राहून मी दोन-दोन हजार माणसांना सांगितलंय की श्रीमंतांना जगता येतं, पण मरावं कसं ते आपल्या माणसांकडून शिकावं. जहागीरदार मरताना किंचाळतो आणि आपली मोलकरीण हसत जाते. याच गोष्टीवर हजारो लोक रडले, वळले. एका खोलीतल्या थरथरीपायी ते खोटं पडू द्यायचं का? तुझे बाबा म्हणायचे, की या दोघी बहिणींत थोरली खडक आणि धाकटी नुसता वारा. वारा अजून वाहतोय. मग खडकानं हलायचं कारण काय?

ताईला हे पत्र दाखवू नकोस. तुझ्या काकांना छाती भरून ताप आला आहे, म्हणून मला हलता येत नाही. तू पोटभर जेवत जा. रोज आठवण काढणारी,

तुझी मावशी,
केझाया

हार्कर्सगिल,
बुधवार, १९ जानेवारी

चि. केझीस,
ताईचे आशीर्वाद.

तुझं पत्र मी वाचून घेतलं. टॅबीला लपवता कुठे येतं? कान लाल होतात पोरीचे. अक्षर वाकडं आहे, चालवून घे.

अफूनं नाही, मी शुद्धीत घाबरले आहे. आता तुला जे सांगते ते कोणाला सांगितलेलं नाही. मार्था क्लार्कसन आठवते? तेवीस वर्षांची होती, पहिल्या बाळंतपणात गेली. ती मला म्हणाली, काकू, मला भीती वाटते, जवळ घ्या. मी घेतलं नाही. हे सैतानाचं बोलणं आहे, म्हटलं, सगळं कुशल आहे असं म्हण. कुशल आहे ना, असं अकरा वेळा विचारलं, केझी. अकराव्या वेळी ती हो म्हणाली आणि भिंतीकडे वळली. मी वहीत लिहिलं, आनंदानं गेली. खोटं नव्हतं ते, शब्द तिचाच होता. पण दात उपटावा तसा मी तो तिच्या तोंडातून काढला होता. आणि ती एकटीच नव्हे. त्याच वह्या मी तुला धाडत होते आणि तू त्या गाडीवरून गाजवत होतीस.

देव नाही, असं मी म्हणत नाही. तो आहे, आणि त्याच्यासमोर उभं राहायला मी भिते. भीती इतकी थंड असते हे मला ठाऊक नव्हतं. पायांपासून वर चढते.

एकच मागते. माझ्या नावानं खोटं वाचू देऊ नका. घाबरत मेले, तर घाबरत मेले असंच सांगा. नाही तर वर्गातल्या उरलेल्या बायका एकेक करून मार्थासारख्याच भिंतीकडे तोंड करून जातील, आणि प्रत्येकीला वाटेल की भ्यालेली आपण एकटीच. हे टॅबीलाही सांगितलं आहे. ती बिचारी माझ्याहून जास्त भ्याली आहे. तिला सांभाळ.

तुझी ताई,
जेमायमा

हल,
शनिवार, २२ जानेवारी

प्रिय ताईस,
केझीचा सलाम, दोन्ही हात जोडून.

मी चुकले. माणसांपुढे एवढं बोलले, पण हे दोन शब्द कधी बोलले नव्हते.

ताई, वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू काय म्हणाला? सगळं कुशल आहे, असं म्हणाला का? त्याच्या घामाचे रक्तासारखे थेंब पडले. हा मरणाचा प्याला टळो, अशी त्यानं भीक मागितली, आणि मित्रांकडे काय मागितलं, तर फक्त माझ्याजवळ जागे राहा. साक्ष द्या म्हणाला नाही, वही आणा म्हणाला नाही. जागे राहा, एवढंच. आणि ते झोपले! आपणही झोपलोच की गं, डोळे उघडे ठेवून, हातात लेखणी धरून. जो स्वतः मरणाला भ्याला, तो भ्यालेल्या बाईला दारातून हाकलणार असेल, तर मी आयुष्यभर भलत्याच देवाचा उपदेश केला म्हणायचा. पण तो हाकलणार नाही. यावर मी माझा जीव पणाला लावते.

यांचा ताप उतरला आहे. सोमवारी आगगाडीनं रिचमंडला निघते. जीव धरून राहा.

तुझी,
केझी

हार्कर्सगिल,
मंगळवार, १ फेब्रुवारी

प्रिय मावशीस, रिचमंड मुक्कामी,
टॅबीचा सलाम व वि. वि.

घाट बंद असल्यामुळे तू तिथे अडकलीस, हे कळलं. टपालवाला पायी निघालाय, त्याच्या हाती हे देते. आई शुक्रवारी दुपारी गेली.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं होतं. मी ते तिच्या कानाशी वाचलं. बागेचा भाग तिनं दोनदा वाचायला लावला. भीती गेली का, असं मी विचारलं. नाही म्हणाली, पण सोबत झाली.

शुक्रवारी वाचा गेली. खोली माणसांनी भरली होती. पुढची जागा बेट्सीनं खरंच धरली होती. मी मागे शेगडीपाशी ढकलले गेले होते. बंधू कोट्स गुडघ्यांवर बसून म्हणाले की भगिनी जेमायमा, तारणारा दिसत असेल तर हात वर करा. आई हलली नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, मग आणखी एकदा. तिचे डोळे मात्र सगळ्यांच्या डोक्यांवरून मलाच शोधत होते, भेदरलेले. तेवढ्यात तिचा हात वर आला. बोटं उघडत होती, मिटत होती. लहानपणी ओढा ओलांडताना ती असाच हात मागे करायची, मी धरावा म्हणून. खोलीत हालेलुयाचा एकच गजर झाला. बेट्सी तर रडायलाच लागली. मी माणसं लोटत पुढे गेले आणि तो हात धरला. तिनं असा आवळला की तिच्या अंगठीचा वळ अजून माझ्या बोटावर आहे. शेवटपर्यंत ती थरथरत होती, आणि शेवटपर्यंत तिनं हात सोडला नाही.

रविवारी पुरल्यावर बंधू कोट्सनी चॅपेलात वाचलं की आमच्या भगिनीनं विजयानं हात उंचावून स्वर्गाकडे खूण केली. सगळे आमेन म्हणाले. मावशी, गप्प बसणं किती सोपं होतं! कशी उभी राहिले, मला माहीत नाही. म्हटलं, आईनं स्वर्गाकडे खूण केली नाही, तिला माझा हात हवा होता. ती घाबरली होती, आणि हे तुम्हाला सांगायला तिनंच मला सांगितलं आहे. तिनं शेवटच्या दिवसांत मला सांगितलेलं मार्था क्लार्कसनचंही सांगितलं. बंधू कोट्स म्हणाले की पोरी, हे दुःख बोलतंय, खाली बस. मी बसले नाही. मग ते अगदी हळू म्हणाले की आईच्या नावाचं काय करते आहेस ते कळतंय का तुला? मी म्हटलं, तिनं सांगितलं तेच करते आहे. पुढचं स्तोत्र निम्म्या लोकांनीही म्हटलं नाही. बाहेर पडताना बेट्सीनं माझ्याकडे पाहिलं नाही. आईचा वर्ग माझ्याकडे येणार नाही हे उघड आहे, आणि आईचं नाव लोक कसं घेतील या विचारानं झोप लागत नाही.

काल डोंगरावरच्या घरातल्या अ‍ॅग्नेस पीकॉकआजी काठी टेकत बर्फातून खाली आल्या. एक्याऐंशी वर्षांच्या. शालीखाली चीजचा गड्डा होता. ओटची भाकरी दिली ती खाल्ली. मग म्हणाल्या की माझी वेळ आली की निरोप धाडीन, तू ये. मी म्हटलं, आजी, मलाही फार भीती वाटते. त्या म्हणाल्या की म्हणूनच तर तुला सांगायला आले, न भिणारे गावात पुष्कळ आहेत.

घाट मोकळा झाला की ये. तुझ्या मायेची मला सध्या फार गरज आहे.

तुझी,
टॅबी