तोडणीच्या दुपारचा फोन

प्रिय बाबा,

दुकानाच्या नव्या यादीतून मी एक वाइन काढून टाकली आहे. तिच्याखाली निवड करणारा म्हणून नेहमीप्रमाणे तुमचेच नाव छापले जाणार होते, म्हणून कारण आधी तुम्हाला सांगते.

इटलीतील ज्या कुटुंबांकडून आपण वाइन घेतो, त्यांची पारख तुम्ही कशी करत होता, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. मळा सेंद्रिय असल्याची कागदपत्रे आली, चव मनास आली, तरी तुमचे समाधान होत नसे. ऐन तोडणीत, जेवणाच्या सुट्टीत तुम्ही फोन लावायचात आणि मालकाला बाजूला ठेवून द्राक्षे तोडणाऱ्या एखाद्या बाईला बोलवायला सांगायचात. मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये पहिला प्रश्न ठरलेला: जेवलात का? “मालकाच्या जिभेवर साखर असते, पोरी, घट्टे तोडणाऱ्यांच्या हातांवर,” असे तुम्ही म्हणायचात.

आजारपणातल्या उपचारांत तुमची चव गेली आणि निवड माझ्याकडे आली. चव मला कळते. फोनचे मात्र धाडस होईना. मी पत्रे लिहिली. एका कुटुंबाचे उत्तर अकरा पानी आले: आजोबांनी लावलेले वेल, विषारी फवारणीविना जपलेली माती, मजुरांना घरच्यासारखी वागणूक. इतके सुंदर लिहिणारी माणसे खोटी कशी असतील, असे मला वाटले. पत्रे मालक लिहितात, तोडणाऱ्या बायका नव्हेत, एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही.

परवा, यादी छापायला देण्यापूर्वी, अखेर त्याच कुटुंबाकडे, जेवणाच्या सुट्टीत, फोन लावला. तोडणारी एक बाई फोनवर आली. जेवलात का, असे विचारले. ती हलकेच म्हणाली, “मालक इथंच उभे आहेत,” आणि लगेच मोठ्याने, “सगळं उत्तम आहे!”

त्या तीन शब्दांनी मला स्वस्थ बसू दिले नाही. मी तुमची पत्रे काढली. तुम्ही ताईकडे राहायला गेल्यापासून सात आली. तुमचा हात थरथरतो, म्हणून सातही ताईच्या अक्षरात, आणि प्रत्येकात, “सगळं उत्तम आहे.” ताई तुमचे मनापासून करते, हे मी जाणते. पण तिलाच सांगून तुम्ही दुसरे काय लिहून घेणार? आणि मीही फोन टाळून तुम्हाला पत्रेच पाठवत राहिले.

येत्या शनिवारी दुपारी, ताई कामावर असताना, मी फोन करीन. तुम्हीच उचला. पहिला प्रश्न तुम्हाला ठाऊक आहे. उत्तराची मला घाई नाही.

तुमचीच,
मुखदुर्बळ