प्लास्टिक न काढलेल्या खाटा

८ डिसेंबर
आले एकदाची! दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या क्वार्टरमधून इथवर अडीच तास, पण चहूकडची हिरवीगार मोहरी पाहून शीण गेला. आरोग्य केंद्रात डॉक्टर मी एकटीच. कमलेश सिस्टरनी गाजराचा हलवा आणला होता. दोन वर्षांपूर्वी बांधलेला नवा वॉर्ड आहे : सहा खाटा, ऑक्सिजन, सगळं कोरं करकरीत, गाद्यांवरचं प्लास्टिकसुद्धा तसंच. उद्घाटनाआधी उघडायचा नाही, असा जिल्ह्याचा आदेश आहे. किल्ली माझ्याकडे. आईला फोनवर म्हटलं, तुझी केतकी सहा खाटांची मालकीण झाली.

१४ डिसेंबर
सरपंचांच्या वडिलांना जुलाब. एवढ्या म्हाताऱ्या माणसाला बाकावर कसं झोपवायचं? वॉर्ड उघडून सलाईन लावलं. नंतर सिस्टरनी प्लास्टिक पुन्हा ताणून बसवलं. कोणाला कळलंही नाही.

१९ डिसेंबर
सुनहरी नावाची बाई, आठवा महिना, बीपी भयंकर वाढलेलं. धुक्यात फाटकही दिसत नव्हतं. तिच्या सासूने काचेतून वॉर्डात पाहिलं आणि विचारलं, या खाटा कोणासाठी आहेत. मी आदेश पुढे केला. तिला वाचता येत नव्हतं. शेवटी म्हणाले, "यहाँ जगह नहीं है, अम्मा. दिल्ली ले जाइए." इंजेक्शन देऊन पाठवलं. नियमात बसत होतं तेवढं केलं.

२० डिसेंबर
सुनहरी टोल नाक्यावरच गेली. बाळही. सरपंचांच्या वडिलांसाठी कुलूप काढताना मला आदेश आठवला नव्हता.

२४ डिसेंबर
भर दुपारी बंद वॉर्डात प्लास्टिक चुरगळल्याचा आवाज आला. उंदीर असेल म्हणून आत गेले. तिसऱ्या खाटेवर प्लास्टिकला आतून वाफ धरली होती. तोंड असतं त्या जागी.

२७ डिसेंबर
आणखी दोन खाटांवर वाफ. पुसली, जात नाही. ही वाफ कसली, सिस्टरना विचारलं. सिस्टर खाली मान घालून म्हणाल्या, आधीच्या डॉक्टरही हेच विचारायच्या, मग बदली घेऊन गेल्या. त्यांनी दिल्लीला पाठवलेल्या पाच जणी वाटेतच गेल्या होत्या.
सहावी माझी.

२९ डिसेंबर
सहाही खाटा. जिल्ह्याला फोन केला, वॉर्ड उघडू द्या म्हणून अक्षरशः हातापाया पडले. उद्घाटनाला साहेबांची तारीख मिळाली की कळवू, म्हणाले.

३१ डिसेंबर
तीच सासू. या वेळी धाकटी सून, रजनी. झटके येताहेत. धुक्यामुळे अँब्युलन्स नाही. म्हातारी काही मागत नाही, फक्त वॉर्डाच्या दाराकडे बघते. आदेश गेला खड्ड्यात. कुलूप काढते—

केसपेपरवर लिहितेय. पाय हलत नाहीत, हातच तेवढा चालतो. सगळ्या खाटांवर, प्लास्टिकखाली, बायका. ऑक्सिजन त्यांच्या पलीकडे. रजनी बाहेर फरशीवर. हात जोडले, एक खाट द्या, एकच— तिसरीवरची सुनहरी उठून बसली. तिच्या आवाजात राग नव्हता.
"यहाँ जगह नहीं है, डॉक्टरनी जी. दिल्ली ले जाइए."
सिस्टर, ऑक्सिजन— कोणीतरी— बाहेर रजनीची घरघर थांब—