यंदा डास फार नाहीत

चोकोलोस्की, फ्लोरिडा
१२ ऑगस्ट

चि. ड्यूई, ताईचा आशीर्वाद.

बाबा ठीक आहेत. काल माशाचे दोन घास खाल्ले. पोरांचा खोकला थांबला का?

दलदल बघायला पोरांना कधी आणू, विचारतोस. अरे, जानेवारीत! पाणी उतरतं, उरलेल्या डबक्यांवर पक्ष्यांची झुंबड उडते. आत्ता वादळं आहेत आणि डास तर माणसाला उचलून नेतील. चाळीस वर्षं होडी चालवताना बाबांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच सांगितलं, नुकसान सोसून.

काल त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. ऐकून म्हणाले, "व्हर्ना, त्याला कळव, यंदा डास फार नाहीत."

बाबा खोटं बोलले, ड्यूई. आजच निघ.

तुझी ताई