दोन्ही बाह्या डाव्या

सोमवार, ३ फेब्रुवारी
आजपासून पुन्हा टेलरिंगच्या कामावर. ऑपरेशन झालं, छातीची डावी बाजू गेली, केमो आणि रेडिएशनही संपलं. विषय संपला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हळूहळू सुरू करा. हळूहळू म्हणे! मी काय रांगायला शिकतेय? निश्चय: पहिल्या दिवसापासून पूर्ण वेळ.
तयारी आरशाशिवाय केली. वेळ वाचतो.
मालकीणबाईंनी माझं कटिंगचं टेबल पुसून ठेवलं होतं. कात्री हातात घेतली आणि जिवात जीव आला. आता मापं लिहून घेत जा, म्हणाल्या. हसले नुसती. मापं माझ्या डोक्यात असतात. लिहितात ते नवशिके.

गुरुवार, ६
दुपारी कापडाच्या गठ्ठ्यावर जरा डोळे मिटून विचार केला. मशीनवरची पोरगी (मी तिला रेडिओ म्हणते, मशीनपेक्षा तिचं तोंड जोरात चालतं) म्हणाली, ताई, घोरत होतात. असेल. विचार खोल होता.

मंगळवार, ११
एका बाईला पुन्हा मापाला बोलावलं. म्हटलं, बारीक झालात हो! बाई खूश. तिचं पहिलं माप मला अजिबात आठवत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

शुक्रवार, १४
पट्ट्यांचं कापड. पट्टे जुळावेत म्हणून बाह्या एकेक करून कापल्या. दुसऱ्या वेळी बाहीचा कागदी साचा उलटायचा राहिला. दोन्ही बाह्या डाव्या! उजेडच धड नव्हता. मालकीणबाईंनी नवं कापड आणलं, एक शब्द बोलल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सोमवार, १७
हे म्हणाले, अर्धा दिवस जात जा. मी म्हटलं, आजार छातीत होता, डोक्यात नव्हता. मला इतका राग आला की गॅसवर चहा ठेवलाय हेच विसरले. भांडं जळालं. तसंही ते पातळच होतं.

गुरुवार, २०
मालकीणबाईंनी बाजूला घेतलं. थोडे दिवस काजं-बटणं बघा, कटिंग रेडिओ करेल. थोडे म्हणजे किती, विचारायचा धीर झाला नाही. रेडिओ दिवसभर गप्प होती. तेच जास्त लागलं.
घरी सांगितलं, बढती झाली.

शनिवार, २२
ठरलं! स्वतःसाठी ड्रेस शिवायचा, सोमवारी घालून जायचं, टेबल परत घ्यायचं. माप कशाला घ्यायचं? इतकी वर्षं स्वतःचे कपडे शिवतेय. संध्याकाळी तयार. एक बाही डावी, एक उजवी. पुन्हा पुन्हा तपासल्या. है शाब्बास!

रविवार, २३
सकाळी मोठ्या आरशासमोर उभी राहिले. कितीतरी दिवसांनी.
ड्रेस अचूक बसला. पूर्वीच्या मला. डावीकडे कापड पोकळ, लोंबतंय. साऱ्या जगाची मापं विसरले आणि हे एकच मेलं नेमकं लक्षात राहिलं. तिथेच खाली बसले आणि खूप रडले.
हे आले. माझ्या डब्यातून टेप काढली, मला उभं केलं. यांना टेप धरताही येत नाही, मीच सांगत गेले. डाव्या बाजूला यांचा हात थांबला. मग त्यांनी तिथलंही माप घेतलं.
मी म्हटलं, लिहून ठेवा. माझ्या लक्षात राहायचं नाही.